जाताना सोळा तास, येताना चौदा!

आधी एक कोडं सोडवूया.

हिवाळ्यात एक विमान रात्री दीड वाजता मुंबईहून निघालं आणि कुठेही न थांबता न्यूयॉर्कला सकाळी सात वाजता उतरलं. तारीख तीच! काही दिवसांनी परतीचं विमान न्यूयॉर्कहून दुपारी बारा वाजता निघालं आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला टेकलं. घड्याळांवर विश्वास ठेवला तर जायला साडेपाच तास आणि यायला साडेचोवीस तास. शहरं तीच आणि विमानही त्याच जातीचं. मग एवढा फरक कसा?

यातला बराचसा फरक घड्याळांचा आहे आणि तो लगेच सुटतो. आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, हे तुम्ही भूगोलात वाचलंच असेल. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. उन्हाळ्यात तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा ते साडेनऊ तास मागे असतं. आता गणित करा. साडेपाचात साडेदहा मिळवा, उत्तर सोळा. साडेचोवीसातून साडेदहा वजा करा, उत्तर चौदा. म्हणजे जायला खरे लागले सोळा तास आणि यायला चौदा.

कोडं सुटलं? मला तर वाटतं, खरं कोडं इथूनच सुरू होतं. ते दोन तास गेले कुठे? मुंबई ते न्यूयॉर्क जेवढं अंतर, तेवढंच न्यूयॉर्क ते मुंबई. मग येताना दोन तास वाचतात कसे?

वेळेचं पुढे बघू. आधी अंतर मोजू, कारण त्यातही एक गंमत आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्या. नकाशा नको, गोलच हवा. एक दोरा घ्या, त्याचं एक टोक मुंबईवर धरा आणि दुसरं न्यूयॉर्कवर. आता दोरा अगदी ताणून धरा. तो आपोआप सरकत सरकत एका जागी स्थिर होईल. कुठून गेला तो? बहुतेकांना वाटतं की न्यूयॉर्क पश्चिमेला आहे, तर दोरा अरबस्तान, आफ्रिकेचं टोक आणि मग अटलांटिक महासागर असा आडवा जाईल. पण दोरा जातो सरळ वर, उत्तरेकडे! मुंबईहून पाकिस्तान, अफगाणिस्तान, मग तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान. तिथून थेट मॉस्कोच्या जवळपास डोक्यावरून फिनलंडमध्ये. पुढे स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं अगदी दक्षिणेचं टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि मग उतरत उतरत न्यूयॉर्क. अमेरिकेला जायच्या वाटेवर आइसलंड लागतं, हे पहिल्यांदा कळलं की डोळे विस्फारतातच.

ताणलेल्या दोऱ्याच्या या वाटेला भूगोलात बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. पृथ्वीच्या बरोबर मध्यातून सुरी फिरवली, तर कापाची जी कड पृष्ठभागावर उमटेल ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे त्यातलंच एक. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट अशाच एखाद्या वर्तुळाचा तुकडा असते.

मुंबई आणि न्यूयॉर्कमधला हा तुकडा सुमारे १२,५३० किलोमीटरांचा भरतो. तुमच्या पृथ्वीगोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर दोरा मोजून बघा. साडेएकोणतीस सेंटिमीटरांच्या आसपास येईल, कारण अशा गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्या पृथ्वीवर सुमारे ४२५ किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात मात्र या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेष मारली आणि त्या रेषेवरून खरंच उडत गेलो, तर १४,२०० किलोमीटर होतात. जवळपास सतराशे किलोमीटरांचा फुकटचा वळसा! गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशाला कुठेतरी ताणावंच लागतं. गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ मध्ये केलेला नकाशा जहाजांना दिशा धरायला फार सोयीचा ठरला, पण तो ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवतो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरी आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे.

अंतराबद्दल आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे जगातले कुठलेही दोन विमानतळ घ्या, त्यांच्यातलं अंतर २०,००० किलोमीटरांच्या वर जाऊच शकत नाही. तेवढं गेल्यावर तुम्ही पृथ्वीच्या बरोबर उलट्या बाजूला पोचलेले असता आणि पुढचं प्रत्येक पाऊल तुम्हाला घराच्या जवळच आणतं. मुंबईच्या बरोबर उलट्या बाजूला काय आहे, ठाऊक आहे? प्रशांत महासागराचं नुसतं पाणी. विमान जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचावरून उडतं, तर त्यामुळे वाट किती लांबत असेल? मुंबई ते न्यूयॉर्क अख्ख्या प्रवासात फक्त वीस-बावीस किलोमीटर. पृथ्वीपुढे आपली उंच भरारी इतकी छोटी आहे!

बरं, अंतर कळलं. आता त्या दोन तासांकडे वळू. वर्गात हा प्रश्न विचारला की कुणीतरी हात वर करून सांगतंच, ‘‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना! मग विमान हवेत गेलं की न्यूयॉर्क स्वतःच त्याच्याकडे सरकत येणार.’’ विचार छान आहे. मुंबईची जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते आहे, हे खरंच. मग हेलिकॉप्टर हवेत नुसतं उभं केलं, तर तासाभराने खाली समुद्र यायला नको का? नाही येत. धावत्या रेल्वेत चेंडू वर उडवून बघा. तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, तुमच्याच हातात येतो, कारण उडवण्याआधीच त्याच्या अंगात गाडीचा वेग होता. तसंच विमानाच्या, हेलिकॉप्टरच्या आणि त्यांच्या भोवतीच्या हवेच्याही अंगात पृथ्वीचा वेग आधीपासून आहे. हवा पृथ्वीला सोडून मागे राहत नाही. शिवाय तो तर्क खरा असता, तर पश्चिमेकडे जाताना वेळ कमी लागला असता. प्रत्यक्षात तर जास्त लागतो!

मग करतं कोण हे? वारा. पण आपल्या गच्चीवरच्या वाऱ्याहून तो अगदी निराळा आहे.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर काही ठिकाणी वाऱ्याचे अरुंद, प्रचंड वेगवान पट्टे वाहत असतात. शेकडो किलोमीटर रुंद, हजारो किलोमीटर लांब आणि जाडी मात्र अवघी काही किलोमीटर. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर तर सहज असतो. हिवाळ्यात तो कधीकधी साडेतीनशेच्याही पुढे जातो. आणि योगायोग असा, की आपली मोठी विमानं नेमकी याच उंचीवरून उडतात.

हे वारे तयार कसे होतात? विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंडगार. तापलेली हवा फुगते, त्यामुळे तिकडे वातावरणाची उंची जास्त असते. वरच्या थरांत ही हवा मग उंचावरून सखल भागाकडे, म्हणजे ध्रुवाकडे निघते. पण पृथ्वी फिरते आहे! ध्रुवाकडे निघालेल्या या हवेला ते फिरणं पूर्वेकडे वळवतं. उष्ण आणि थंड हवा जिथे समोरासमोर येतात, तिथे हा वारा सगळ्यात जोरात धावतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. हिवाळ्यात ध्रुवाकडे फार गार होतं, तापमानातला फरक वाढतो आणि वारेही जोर धरतात. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा त्या दोन तासांशी संबंध आहेच, फक्त तो वर्गातल्या मुलाने सांगितला तसा सरळ नाही. तो वाऱ्यामधून येतो.

हे वारे आधी कुणी मोजले असतील? जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे एक हवामानशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकात ते तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत वरच्या वाऱ्याचा वेग मोजायचे. हिवाळ्यात उंचावर भयंकर वेगाचा वारा वाहतो, हे त्यांच्या लक्षात आलं. जगभरातल्या लोकांना वाचता यावं, म्हणून त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. पण ती भाषा वाचणारे होते किती? इतकं मोठं काम पुष्कळ वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानं खूप उंचावरून जपानकडे जाऊ लागली, तेव्हा समोरच्या वाऱ्याने ती जवळजवळ अडूनच पडू लागली आणि मग सगळ्यांना या वाऱ्याची दखल घ्यावी लागली. मला त्या ओइशींबद्दल फार आदर वाटतो. हातात दुर्बीण, आकाशात एक फुगा आणि एवढ्यावर एवढा मोठा शोध!

आता वही-पेन्सिल घ्या. विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटर वेगाने जातं असं धरू. वारा ताशी १०० किलोमीटर, पूर्वेकडे. न्यूयॉर्कला जाताना तो समोरून येणार, म्हणून जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग उरला ८००. येताना तो पाठीमागून येणार, वेग झाला १,०००. अंतर धरा १२,५०० किलोमीटर. जायला लागले १५ तास आणि ३७-३८ मिनिटं. यायला साडेबारा तास. फरक तीन तासांहून जास्त! प्रत्यक्षात सगळ्या वाटेवर वारा सारखा नसतो, कधी तो तिरका लागतो, म्हणून फरक थोडा कमी पडतो.

पण थांबा, वही मिटू नका. वाराच नसता तर? ९०० च्या वेगाने एका बाजूला १३ तास ५३ मिनिटं आणि दोन्ही मिळून २७ तास ४७ मिनिटांच्या आसपास. आणि वारा असताना दोन्ही मिळून? २८ तास ७ मिनिटं! म्हणजे वाऱ्याने जाताना जेवढा वेळ घेतला, तेवढा येताना परत केलाच नाही. वीस मिनिटं स्वतःकडे ठेवली. असं का? कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त तास उडलं आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी तास. तोट्याचा काळ लांबला, फायद्याचा आखडला. सायकलवर शाळेत जा-ये करणाऱ्यांनी हेच गणित स्वतःच्या वेगाचे आकडे घालून करून पाहावं. वारा कितीही बदला, जाऊन-येऊन वेळ नेहमी वाढलेलाच दिसेल.

पाठीमागचा वारा किती मदत करू शकतो? ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री अटलांटिकवर मोठं वादळ घोंघावत होतं. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला निघालं आणि अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा-सात तास लागतात. वाटेत जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. त्या उंचीवर आवाजाचा वेग असतो ताशी सुमारे १,०६०. मग विमानाने आवाजाला मागे टाकलं का? मुळीच नाही. भोवतीच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. ती अख्खी हवाच लंडनकडे धावत होती.

म्हणूनच लांबच्या विमानांची वाट रोज नव्याने आखतात. अटलांटिक ओलांडण्यासाठी आकाशात अदृश्य रस्ते असतात. कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं हवामानाचे अंदाज बघून हे रस्ते दररोज ठरवतात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे रस्ते वाऱ्याला चुकवतात, पूर्वेकडे येणाऱ्यांचे वाऱ्यालाच धरून चालतात. कालचा रस्ता आज नसतो.

आणि इथे एक अचंबा आहे. लांबची वाट लवकर पोचवू शकते! ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाने नेहमीची अटलांटिकवरची, सुमारे १३,९०० किलोमीटरांची वाट सोडली. ते उलट दिशेला, पूर्वेकडे वळलं आणि प्रशांत महासागरावरून गेलं. ही वाट होती सुमारे १५,३०० किलोमीटरांची. पाठीशी वारा घेऊन विमान साडेचौदा तासांत पोचलं आणि नेहमीपेक्षा जवळपास दोन तास वाचले. चौदाशे किलोमीटर जास्त उडून! त्याहूनही मोठी उडी २००५ च्या नोव्हेंबरमध्ये बोइंग ७७७-२०० एलआर या जातीच्या विमानाने मारली होती. हाँगकाँगहून लंडनला जायचं, तर सरळ पश्चिमेला जावं की नाही? त्या विमानाने पूर्वेची वाट धरली. प्रशांत महासागर, अमेरिका, अटलांटिक असं करत २१,६०२ किलोमीटर न थांबता उडत ते २२ तास ४२ मिनिटांनी लंडनला उतरलं. त्यातल्या माणसांनी एकाच प्रवासात दोन सूर्योदय पाहिले.

मुंबई–न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाणं नेहमी शक्य नव्हतं. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तेव्हा वाटेत लंडनला उतरावं लागे. न थांबता जाणारी सेवा एअर इंडियाने २००७ मध्ये सुरू केली, त्याच ७७७-२०० एलआर विमानाने. त्याच्या टाक्यांत एक लाख ऐंशी हजार लिटरांहून जास्त इंधन मावतं. सुरुवातीला एवढं वजन घेऊन फार उंच जाता येत नाही. म्हणून विमान आधी थोडं खालून उडतं आणि इंधन जळून हलकं होत गेलं, की पायरी पायरीने वर चढतं.

अशाच एका विमानाने ९ जानेवारी २०२१ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूकडे उड्डाण केलं. ताणलेल्या दोऱ्याची ती वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. विमान चालवणाऱ्या चौघीही स्त्रिया होत्या. कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख, आणि सोबत पापागरी तन्मई, आकांक्षा सोनावरे व शिवानी मन्हास. सुमारे १७ तासांनी, ११ जानेवारीच्या पहाटे त्या बंगळुरूला उतरल्या. तुमच्यापैकी ज्या मुलींना वैमानिक व्हायचंय, त्यांनी ही नावं लिहून ठेवा.

दोऱ्याने दाखवलेली वाट मात्र नेहमी मोकळी नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि रशियाने अमेरिकेच्या व युरोपातल्या अनेक देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या आकाशातून जायला मनाई केली आणि भारतानेही तशीच बंदी घातली. मग मुंबईहून वर उत्तरेकडे निघण्याऐवजी विमानाला अरबी समुद्रावरून वळून जावं लागतं. जमिनीवरच्या भांडणांमुळे आकाशातली वाट लांबते, इंधन जास्त जळतं आणि प्रवासाचा वेळ वाढतो. मला याचं वाईट वाटतं.

आता आणखी एक मजा, जी मला हिशेब करताना सापडली. डिसेंबरात रात्री दीडला मुंबई सोडणारं आपलं विमान दोऱ्याच्या वाटेने गेलं, तर बाहेर उजेड कधी दिसेल? विमान पश्चिमेकडे पळतंय आणि दिवस उगवतोय पूर्वेकडून. रशिया, फिनलंड, आइसलंड इथे हिवाळ्यातल्या रात्री लांबलचक. म्हणून जवळजवळ सगळे सोळा तास खिडकीबाहेर अंधारच! न्यूयॉर्कला उतरताना कुठे फटफटायला लागतं. तेच विमान जूनमध्ये निघालं, तर फिनलंडच्या वर पोचेपर्यंत लख्ख उजाडलेलं असेल.

आता तुमची पाळी. दोरा पुन्हा घ्या आणि या वेळी मुंबईवरून टोकियोवर ताणा. ३० सेंटिमीटरांच्या गोलावर तो सोळा सेंटिमीटरांच्या आसपास भरेल. त्यावरून किलोमीटर काढा. मग सांगा, मुंबईहून टोकियोला जाताना जास्त वेळ लागेल, की तिथून येताना? टोकियोचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे, हे लक्षात ठेवून कुठला प्रवास घड्याळावर लांब दिसेल, तेही काढा. दोन्ही उत्तरं एकच येणार नाहीत, एवढं मी आत्ताच सांगते.